पडदा ओढा, सिस्टर

अहो, त्या खुर्चीवर नका बसू! नका म्हणतो ना — उठा, उठा आधी. मघाशी तिच्यावर भांडं ठेवलं होतं. कसलं म्हणजे? सुपाचं नव्हतं, एवढं सांगतो, पुढचं तुम्ही समजून घ्या. इथे सूप ठेवायच्या जागी ते ठेवतात आणि ते ठेवायच्या जागी सूप — शी! — आणि वर विचारतात, आजोबा जेवत का नाहीत. या, इकडे माझ्या पायाशी बसा. चादर आजच बदललीय, म्हणजे मी भांडून बदलून घेतलीय. वडील ना तुमचे, सकाळी या शेजारच्या कॉटवरून नेले ते? आतड्याचं ऑपरेशन. मला सगळं माहीत असतं हो, पडल्या पडल्या दुसरं काम काय? त्यांना नेताना तुम्ही मागून चालत होतात, तेव्हाच तुमचे बूट बघून ठेवले. डाव्या टाचेची बाहेरची कड पार खाल्लीय तुम्ही. म्हणजे घाईचा माणूस, आणि एवढी घाई करून कुठेच वेळेवर न पोचणारा. हसलात? बायकोही हेच म्हणते? मग! जन्मभर बूट दुरुस्त केलेत मी. शाळेत मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना फार दिवस सहन केलं नाही, पण टाच दाखवा, माणूस सांगतो. डॉक्टर लोक फोटो काढून आतलं हाड बघतात, मी नुसते तळवे बघतो. फोटोचे पैसे लागत नाहीत, फक्त वास सहन करावा लागतो.

वासाचं म्हणाल तर माझं नाक मेलेलं आहे असं मला वाटायचं. चाळीस घरांची पायताणं हुंगलेलं नाक. पण इथे आल्यावर कळलं, जिवंत आहे! फिनेलचा वास, त्याच्याखाली त्या भांड्याचा वास, आणि त्याच्यावर ती गोड सिस्टर मारते तो गुलाबाचा फवारा. घाण परवडली, गुलाबातली घाण नको. आता ती घंटी बघा — ती, भिंतीला लोंबतेय ती, माझ्या डाव्या अंगाला. आणि माझा मोडलेला खुबा कुठला? डावा. म्हणजे घंटी वाजवायची तर मोडलेल्या अंगावर वळायचं, आणि वळता येत नाही म्हणून तर घंटी हवी! हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल, त्याचे बूट मला एकदा बघायचेत. मी ओरडायचो, 'ओ बाई, लागलीय!' — तर ती गोड सिस्टर म्हणायची, आलेच हं आजोबा, एकच मिनिट. तिचं मिनिट संपेपर्यंत माझं सगळं संपलेलं असायचं. मग यायची, कमरेवर हात ठेवून, लहान बाळाशी बोलतात तशी मान वाकडी करून — 'अगं बाई, आजोबा, आपण सू केली का?' आपण! अगं, मी केली, तू कशाला त्यात वाटा घेतेस? मग डायपर. मला! शुद्धीत असलेल्या, सांगता येणाऱ्या, फक्त एका हाताच्या आधाराची गरज असलेल्या माणसाला डायपर, कारण आधार द्यायला वेळ लागतो आणि डायपर बांधायला लागत नाही.

आणि पडदा. हा तुमच्या-माझ्या मधला, समोरूनही फिरणारा पडदा दिसतोय ना? अर्ध्यावर येऊन अडकतो. अडकत नाही हो, जरा झटका दिला की येतो टोकापर्यंत, पण झटका कोण देणार? ती बदलायला बसली की अर्धाच ओढायची. मी इथे पाय वर करून, खाली ओली चादर, आणि समोरच्या कॉटला भेटायला आलेलं अख्खं खानदान — सुना, जावई, शाळेतली पोरं. त्यातली एक बाई माझं गिऱ्हाईक निघाली! सॅंडलचे पट्टे बसवून घ्यायची. तिने नमस्कार केला मला. त्या अवस्थेत! मीही केला. करणार काय, तेव्हा हात मोकळे होते. — तेव्हा मोकळे होते म्हणजे... काही नाही, ओघात आलं. तर सांगत काय होतो? हां, किळस. माणसाला आपल्या मळाची किळस येत नाही हो फारशी, तो कुणी बघितला की येते.

बरं, आता माझं एक काम करा. सोपं आहे. तुमचे वडील येईपर्यंत तुम्ही इथेच बसणार ना? मग त्यांच्या कॉटच्या कडेला बसा थोड्या वेळाने, खुर्ची पुसून घ्या, मला समोरून दिसाल असे. मोठे डॉक्टर येतील राऊंडला. ते मला प्रश्न विचारणार. पोरांना शाळेत घालताना विचारतात ना, तसले — नाव काय, हे कुठलं ठिकाण, आज वार कोणता, आणि तीन शब्द सांगणार आणि थोड्या वेळाने परत विचारणार. तुम्ही फक्त बोटं दाखवायची, गुडघ्यावर हात ठेवून. सोमवार एक, मंगळवार दोन, असं. गंमत हो! शाळेत मी असाच पास झालोय जेवढा झालो तेवढा — पुढच्या बाकावरचा मित्र पाठीमागे हात बांधून उभा राहायचा आणि बोटांनी पाढा सांगायचा. आज वार कोणता ते तुम्हाला तरी माहितीये का? बघू. — गुरुवार. बरोबर! पास. म्हणजे चार बोटं. अंगठा आत घ्यायचा. मला काय, मला माहितीच आहे. पण त्या फळ्याने घोळ घातला माझा. तो बघा दाराजवळ, त्यावर मोठ्या अक्षरात 'आज' लिहिलंय आणि पुढे वार. म्हाताऱ्यांना भान राहावं म्हणून लावलाय म्हणे. आणि वर लिहिलंय काय? रविवार! पुसायला कुणाला सवड नाही. गेल्या खेपेला डॉक्टरांनी वार विचारला, मी फळ्यावरचा वाचून दाखवला, तर त्यांनी शिकाऊ पोरांकडे बघून मान हलवली. फळा त्यांचा, खडू त्यांचा, चूक त्यांची आणि भ्रम मला!

शब्दांचं सोपं आहे. सकाळी सरावाला दिलेत त्या दुसऱ्या सिस्टरने — कडक सिस्टरने. किल्ली, मोर, बादली. बघा! पाठ.

कशाला एवढा आटापिटा म्हणता? अहो, आज ठरणार आहे. आमचे चिरंजीव डॉक्टरांना भेटून गेलेत. मी पास झालो तर वॉकर घेऊन घरी, आणि व्यायाम शिकवायला कुणीतरी येणार. नापास झालो तर 'तिकडे'. तिकडे म्हणजे कुठे? नाव घेत नाहीत कुणी, सगळे 'तिकडे' म्हणतात. तिकडे बाग आहे म्हणे. तिकडे टीव्ही आहे म्हणे. मग तूच जा की तिकडे, म्हटलं! आणि आमची म्हातारी जाणार चिरंजिवांकडे, नवव्या मजल्यावर. तिला दिसत नाही. डोळे गेलेत दोन्ही, हळूहळू गेले, दिवा बारीक करत न्यावा तसे. आमच्या घरात तिला सगळं कळतं — कपाट, चूल, जिन्याचा कठडा — त्या नवव्या मजल्यावर काय करेल ती? खिडकीत बसेल आणि कुणी तिला खाली काय चाललंय ते सांगणार नाही. मी सांगतो. खोटं सांगतो बरंचसं. समोरच्या निवृत्त फौजदारांनी केस काळे केलेत, असं सांगितलं होतं तिला. ती दोन महिने त्यांच्याशी बोलताना गालातल्या गालात हसायची. टक्कल आहे हो त्यांना!

हाड कसं मोडलं ते ऐकायचंय? ऐका, पण हसू नका — नाही, हसा, तुमचं तोंड सकाळपासून सुतकी झालंय. आमचा एक खेळ होता. तिला दिसत नाही, पण पाऊल ओळखते. दुधवाला, फौजदार, सून — जिन्यावर पहिली पायरी वाजली की नाव सांगते. आणि मी जन्मभर लोकांच्या टाचा बघितलेल्या, कोण कुठे भार टाकतो ते मला ठाऊक. मग मी रोज दुकानातून येताना दुसऱ्याच्या पावलाने जिना चढायचो. कधी दुधवाल्यासारखा एक पाय फरफटत, कधी सुनेसारखा टक् टक् टक्, रागावलेली असल्यासारखा. आणि ती आतून ओरडायची, 'या, आलात का नाटकी!' एकदाही फसली नाही हो. एकदाही नाही. त्या दिवशी फौजदार झालो होतो. पोट पुढे, टाच आपटत — धाप, धाप — आणि वरच्या पायरीवर तोल गेला. मी खाली पडलो तर ती वरून म्हणते, 'पुरे झालं, फौजदार असे पडत नाहीत!' हसताय ना? हसा. मीही हसत होतो तिथे पडल्या पडल्या, आधी. मग पाय उचलेना.

आणि मग इथे आलो आणि — शी. परवा आली होती ती भेटायला. कधी... परवाच. चिरंजिवांचा हात धरून आली. कडक सिस्टरने मुद्दाम मला वॉकर दिला, म्हणाली, चला, चालत जाऊन दाखवा बाईंना. मी निघालो. टक्, घस्स. टक्, घस्स. ती त्या दाराशी उभी, कान असा वळवून. मी अगदी पुढ्यात जाऊन थांबलो. म्हटलं, आता म्हणेल, आलात का नाटकी. तर तिने विचारलं, 'कोण?' — जिंकलो हो मी! पहिल्यांदा फसवली तिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. — तुमच्याकडे रुमाल आहे का? मला नको, ती गोड सिस्टर गुलाब मारून गेलीय, डोळे चुरचुरतात.

ही कडक सिस्टर म्हणजे एक नमुना आहे. हसणं नाही, गोड बोलणं नाही. सकाळी आल्या आल्या चष्मा काढून देते, नाकावर बसवते, पडदे उघडते, 'उठा, बसा, पाय खाली सोडा.' मी म्हटलं, बाई, तुम्ही पूर्वी घोडे सांभाळत होतात का? म्हणते, हो, त्यांची शेपूट तुमच्यापेक्षा स्वच्छ असायची! तिच्या हाताखाली डायपर लागत नाही, ती ठरल्या वेळी येऊन विचारते, जायचंय का, आणि धरून नेते. ती घंटीही तिने दोरी लावून उजवीकडे आणली होती, गोड सिस्टरने सफाईत परत तिकडे टाकली. ती तीन बॉलची फुंकणी आहे ना, खेळण्यासारखी, तिच्यातून श्वास ओढायला लावते, छातीत पाणी भरू नये म्हणून. पण जिभेला हाड नाही बाईच्या. काल मी डॉक्टरांना म्हटलं की हे ठिकाण म्हणजे लग्नाचा हॉल आणि तुम्ही वरपक्ष — सगळे हसले. ही नाही हसली. सगळे गेल्यावर उशी नीट करता करता म्हणते, 'आजोबा, तुम्ही विनोद करता ना, तेव्हा उत्तर आठवत नसतं तुम्हाला. मला कळतं.' काय हे बोलणं! शी! एखाद्याच्या तोंडावर! मी म्हटलं, सिस्टर, तुमच्या उजव्या बुटाचा तळवा सुटलाय, आधी तो बघा. — कोणता शब्द होता तो तिसरा? किल्ली, मोर आणि... असू दे, येईल. जिभेवर आहे.

तुमचा चेहरा का उतरला? वडिलांचं काय होईल म्हणून? ते आतडं-बितडं शिवतील हो, शिवण्यात हुशार आहेत हे लोक. माझा खुबाही झकास बसवला. गडबड होते ती नंतर. — नाही, घाबरवत नाही, सांगून ठेवतो, मला कुणी सांगितलं नव्हतं. भूल उतरताना म्हाताऱ्या माणसाचं डोकं घरी येत नाही लगेच. माझं आलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगतो की मी गंमत म्हणून सिस्टरला चावलो. दात कुठे होते तोंडात? ते आधीच काढून डबीत ठेवलेले! गंमत नव्हती ती. तोंडाला फडकी बांधलेली माणसं होती चारी बाजूंनी, आणि मला वाटलं, चोर शिरलेत घरात, आणि म्हातारी आत एकटी आहे, तिला दिसत नाही, तिला कळणार नाही कुठून येतायत ते. मी नळ्या ओढल्या, उठायला गेलो. तर हात बांधले माझे. बॅंडेजने, कॉटच्या दांड्यांना, दोन्ही. आणि मी जितका ओरडलो, तितकं ती गोड बाई म्हणाली, 'आजोबा, कुणी नाहीये हं, असं नाही करायचं हं.' आणि पडदा अर्धा. समोरचं खानदान उभं राहून बघत होतं. पोरं बघत होती. कुणीतरी फोन काढला होता वर. शी, शी, शी. थुंकावंसं वाटतं अजून. मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही, आणि त्यांना सगळ्यांना माहीत आहे.

जाऊ द्या. बसा तुम्ही, त्या कॉटच्या कडेला, सांगितलं तसे. हात गुडघ्यावर. आणि आज आपला... मंगळवार, म्हणजे दोन बोटं, नाही का? — गुरुवार. हो हो, गुरुवार, मघाशी तुम्हीच नाही का... बघत होतो, लक्ष आहे का तुमचं. चार. अंगठा आत. शाबास. ते बघा, पलीकडच्या टोकाला आले मोठे डॉक्टर, मागे शिकाऊ पोरांची रांग, बदकाच्या पिलांसारखी. कडक सिस्टर पण आहे बरोबर. आपल्याकडे यायला चार कॉट आहेत अजून.

अरे, दार कसलं वाजलं? ट्रॉली! तुमचेच वडील हो. आले, आले, सुखरूप आले. सरका बाजूला, त्यांना कॉटवर घेतील. हळू रे बाबांनो, माणूस आहे, पोतं नाही! — बघितलंत, डोळे उघडतायत. ...हां. हे बघा. हात बघा त्यांचे. नळीकडे जातायत. आईला बोलावतायत का ते? बोलावू दे. घाबरू नका. अहो, मागे कशाला सरता? पुढे व्हा! तुम्हाला ओळखलं नाही म्हणून? ओळखतील. चष्मा कुठाय त्यांचा? तुमच्या खिशात? मग तुम्हाला काय करायचाय तो, त्यांच्या नाकावर ठेवा! आता हात धरा — मनगट नाही, मनगट चोराचं धरतात — बोटांत बोटं घाला. तुमचं नाव सांगा. ऑपरेशन झालं सांगा. 'असं काही नाहीये' म्हणू नका, ते जे बघतायत ते त्यांना दिसतंय. म्हणा, मी आहे इथे. एवढंच. परत परत तेच. — उलटी येतेय त्यांना, मान कुशीवर करा, ती कॉटखालची बादली घ्या, बादली! हां. येऊ दे. कपडे धुता येतात.

सिस्टर! अहो गोड सिस्टर, ते बॅंडेज ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना! मुलगा आहे तिथे, त्याने धरलेत हात, दोन्ही हात धरलेत त्याने, बांधायचं काय कारण? आणि तुम्ही समोरचे, ओ जावईबापू, तिकडे तोंड करा. सिनेमा नाहीये. फोन खिशात! — पडदा ओढा, सिस्टर. अडकत नाही, झटका द्या. कडक बाई, तुम्ही या, तुम्हाला जमतं. ओढा. पूर्ण ओढा, टोकापर्यंत.

काय हो? काय खुणावताय? हात मोकळा नाही म्हणता? मग नाही ना, सोडू नका हात. माझं सोडा. माझ्याकडे कशाला बघताय, तिकडे बघा, बापाकडे. गंमत होती ती. अहो, मला सगळं पाठ आहे. जा आत. जा म्हणतो ना! — ओढा, सिस्टर.

हां.

या डॉक्टर. नमस्कार. नाही, तिकडे जाऊ नका आत्ता, ते लोक कामात आहेत. मी बसलोय, विचारा. चष्मा लावलाय. फळ्याकडे बघत नाही, घ्या, मान वळवली. नाव सांगितलं. ठिकाण — दवाखाना, कसलं लग्न आणि कसला हॉल. आज विनोद नाही, सिस्टर, बघा तुम्ही.

वार?

आज ना...

आज —